भयकथेचे बोट कोणाकडे?

मराठी भयकथेचा कैवार घेणारे रसिक एक युक्तिवाद नेहमी पुढे करतात. भय ही मनुष्यमात्राची मूळ भावना आहे. डिकन्ससारख्या थोर व्हिक्टोरियन लेखकांनीही तिची उपासना केली. मग आमच्या एखाद्या लेखकाने दिवाळी अंकासाठी चार पानांची हडळ उभी केली तर विद्वानांनी नाके का मुरडावीत? या युक्तिवादाचा पूर्वार्ध आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. भयकथा हा हलका प्रकार आहे, हे मत आमचे नाही. आमची तक्रार नेमकी उलट आहे. ज्यांचे नाव घेऊन हा व्यवहार चालला आहे, त्यांच्या घरातून आम्ही कंदील, धुके आणि करकरणारे दार एवढेच उचलून आणले. त्या कंदिलाच्या उजेडात ते काय पाहत होते, हे पाहावयाचे मात्र राहून गेले.

आमच्याकडील अशा कथेचा साचा वाचकांस एव्हाना पाठ झाला असेल. मुंबईचे एक सुशिक्षित जोडपे मोटारीतून निघते. मुरबाड मागे पडते, माळशेज घाटाची चढण लागते, पाऊस कोसळू लागतो, धुके उतरते आणि नेमक्या त्याच वेळी मोटार बंद पडते. दूर एक दिवा लुकलुकतो. तेथे कांबळे पांघरलेला, तांबारलेल्या डोळ्यांचा म्हातारा भेटतो. तो पाड्यावरचा भगत असतो. मग लिंबू, काळी बाहुली, कोंबड्याचे रक्त हे सर्व यथाक्रम येते. आणि सकाळी घाटाखालच्या चहावाल्याकडून कळते की त्या म्हाताऱ्यास मरून वीस वर्षे झाली! शहापूरकडील आवृत्तीत घाटाऐवजी माहुलीचा पायथा असतो आणि म्हाताऱ्याऐवजी केस मोकळे सोडलेली एखादी कातकरीण. बाकी मजकूर तोच.

या साच्यात धुके उसने आहे, याचे आम्हांस फारसे दुःख नाही. माळशेजास पावसाळ्यात धुके खरोखरच असते. दुःख याचे की, भय कोठून येणार हे पहिल्या परिच्छेदातच ठरलेले असते. ते मोटारीत बसलेल्या माणसाच्या मनातून येत नाही. ते रानातून येते, पाड्यावरून येते, काळ्या कातडीच्या गरीब माणसाच्या झोपडीतून येते. कथेचे बोट प्रारंभापासून शेवटपर्यंत त्याच्याकडेच रोखलेले असते. आणि वाचक आपल्या दिवाणखान्यात निर्धास्त असतो. वाचकास निर्धास्त ठेवणारी कथा भयकथा कशी म्हणावी, हा पहिला प्रश्न.

आता ज्यांचा दाखला दिला जातो त्यांच्याकडे वळू. हा दाखला अप्रस्तुत नाही, कारण नाते खरेच आहे. इंग्लंडात नाताळच्या विशेषांकात भुताची गोष्ट छापण्याचा प्रघात डिकन्सने आपल्या नियतकालिकांतून रुळविला, आमच्याकडे का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि सणाबरोबर वाचनाचा फराळ देण्याची चाल मराठीत पडली. पुढे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने अद्भुताला हक्काची जागा दिली. तेव्हा नाताळची भूतकथा ही आमच्या दिवाळीच्या भूतकथेची थोरली बहीण होय. थोरलीने काय केले, ते धाकटीने विचारावयास हरकत नसावी.

डिकन्सची ‘द सिग्नलमन’ ही कथा १८६६ च्या नाताळ अंकात आली. त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्ट येथे आगगाडीस जो भीषण अपघात झाला त्यात डिकन्स स्वतः होता; दहा माणसे मेली, आणि त्याने हाताने जखमींची शुश्रूषा केली. त्यानंतर आगगाडीचा प्रवास त्याला कधीच सुखाचा वाटला नाही. कथेत वाडा नाही, स्मशान नाही, घुबड नाही. डोंगर फोडून केलेली एक खोल, ओलसर खाच. तिच्या टोकाशी बोगद्याचे काळे तोंड. तेथे एक तांबडा दिवा. आणि एका खोलीत तारयंत्र, घंटा व नोंदवही घेऊन बसलेला एक मनुष्य. हा मनुष्य खुळा नाही. तरुणपणी त्याने शास्त्राचा अभ्यास केला होता. संधी दवडल्यामुळे तो या खालच्या जागेवर आला आणि आता आपले काम अत्यंत काळजीने करतो. त्याला बोगद्याच्या तोंडाशी एक आकृती दिसते. एक हात डोळ्यांवर घेऊन ती दुसऱ्या हाताने इशारा करते. पहिल्या खेपेस काही तासांत मोठा अपघात होतो. दुसऱ्या खेपेस चालत्या गाडीच्या डब्यात एक तरुणी मृत आढळते. आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे.

भय कशात आहे, हे येथे पाहावे. त्या सिग्नलवाल्यास आकृतीची भीती वाटते हे खरे. पण त्याहून मोठी भीती ही की, संकट येणार हे ठाऊक असून ते कोणते आणि कोठे हे ठाऊक नाही. तारयंत्रावर ‘धोका’ असा संदेश पाठवावा, तर वरचे अधिकारी विचारणार, कसला धोका? उत्तर नाही. मग नोकरी जाईल, वेडा ठरेल. शेकडो जिवांची जबाबदारी ज्याच्यावर टाकली आहे, पण ज्याच्या हाती काहीच सत्ता ठेवलेली नाही, अशा गरीब कर्तव्यदक्ष चाकराची ही व्यथा आहे. भूत हे त्या व्यथेचे केवळ निमित्त. जो मध्यमवर्गीय वाचक वरच्या वर्गाच्या डब्यात बसून तो नाताळ अंक चाळीत असेल, त्याला एकाएकी जाणवते की आपली गाडी अशा एका एकाकी माणसाच्या भरवशावर अंधारातून चालली आहे.

ही कथा शहापूर तालुक्यात किती सहज घडली असती! बोरीबंदरहून १८५३ साली निघालेली आगगाडी १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यास पोचली. पुढचा थळ घाट चढून इगतपुरी गाठावयास १ जानेवारी १८६५ उजाडला. म्हणजे डिकन्सचा बोगदा आणि कसाऱ्यावरचे बोगदे एकाच पिढीचे आहेत. त्या घाटात तेरा बोगदे खोदावे लागले. चढ इतका तीव्र की सदतीस फुटांत एक फूट वर जावे लागते, आणि आजही गाडीच्या मागे जोडइंजिने लावून ती वर ढकलावी लागते. उतरणीवर बेताल झालेली गाडी वळवून घेण्यासाठी तेथे चढणीचे आडमार्ग बांधून ठेवलेले आहेत. सह्याद्रीचे भोर व थळ हे दोन घाट फोडताना सुरुंगांनी, कड्यांवरून पडून आणि पटकीने हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोठल्या पाटीवर नाहीत. कसाऱ्याच्या बोगद्यात रात्री कोणी हात हालवीत उभा राहिला, तर तो कोण असेल, हे कल्पावयास प्रतिभेची फार ओढाताण करावी लागू नये. परंतु अशी मराठी कथा आमच्या वाचनात आलेली नाही. हडळी मात्र पुष्कळ आल्या.

व्हिक्टोरियनांची दुसरी विद्या संशयाची. शेरिडन ल फानूच्या ‘ग्रीन टी’ या १८६९ च्या कथेत एका सत्शील धर्मोपदेशकाच्या मागे एक लहानसे काळे माकड लागते. ते त्याला प्रथम दिसते ते कबरस्तानात नव्हे, भाड्याच्या घोडागाडीत, इतर उतारूंच्या बसण्याच्या जागी! कथा सांगणारा वैद्य आहे. हिरव्या चहाच्या अतिरेकाने मनुष्याची आंतरदृष्टी अवेळी उघडते, असे निदान तो ऐटीत करतो. पण तोवर रोग्याने आपला गळा कापून घेतलेला असतो. वाचकाला ना भूत पूर्ण पटते, ना वैद्य. दोन्ही दारे किलकिली राहतात आणि त्या फटीतून जो गार वारा येतो त्याचे नाव भय. आमच्या कथेत सकाळचा चहावाला येतो आणि सर्व उलगडा करून टाकतो. दार बंद, दिवा चालू, वाचक झोपावयास मोकळा.

आमच्यांत हे कळलेले कोणीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रत्नाकर मतकरी यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ म्हटले आणि भय मुंबईच्या साध्या बिऱ्हाडात, नात्यागोत्यांत, शेजारधर्मात शोधले. नारायण धारपांनी आयुष्यभर या एका प्रकाराची निष्ठेने सेवा केली आणि अभद्राला मध्यमवर्गीय घरात आणून बसविले. आमचा वाद या दोघांशी नाही. त्यांच्या मागून जो घाऊक माल निघाला आणि ज्याने भयाची पेठ दिवाणखान्यातून उचलून पुन्हा पाड्यावर नेऊन ठेवली, त्याच्याशी आहे.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही इंग्रजांची फारच तरफदारी करता. स्वतःच्या देशात ते अंतर्मुख असतील. पण वसाहतीत आले की त्यांचेही बोट काळ्या माणसाकडेच वळले. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर द्यावयाचे तर किप्लिंगकडे जावे लागते. थळ घाटातून पहिली गाडी गेली त्याच १८६५ साली, डिसेंबरात, मुंबईत जन्मलेला हा लेखक. त्याची ‘द मार्क ऑफ द बीस्ट’ ही कथा १८९० ची. नववर्षाच्या आदल्या रात्री एक झिंगलेला साहेब मारुतीच्या मूर्तीच्या कपाळावर जळती सिगार विझवतो. देवळातला एक महारोगी त्याला मिठी मारतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो साहेब हळूहळू लांडग्यासारखा होत जातो. तेव्हा त्याचे दोन मित्र, त्यांतील एक पोलीस खात्याचा, त्या महारोग्यास पकडतात, बांधतात आणि बंदुकीच्या नळ्या तापवून त्याचे हाल करतात. शाप उतरतो.

कथा इथवर आमच्या घाऊक मालासारखीच आहे: शापही काळ्याचा, दोषही काळ्याचा. पण किप्लिंग हा कसाही साम्राज्याचा भाट असो, लेखक म्हणून तो खोटे बोलला नाही. त्या यातना निवेदक लिहीत नाही; ते छापण्याजोगे नाही म्हणतो आणि जागा कोरी सोडतो. आणि शेवटी त्याला उमगते की आपण इंग्रज म्हणून कायमचे कलंकित झालो. त्याचा पोलीस मित्र वेड्यासारखा हसू लागतो. कथेतील खरा पशू कोण, हा प्रश्न वाचकाच्या गळ्यात अडकतो. बोट प्रथम महारोग्याकडे रोखले होते. शेवटी ते तापलेली नळी धरणाऱ्या हाताकडे वळले. आमच्या कथेत ते कधीच वळत नाही.

हा केवळ साहित्यशास्त्राचा वाद असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातील एका खेड्यात सत्तरी उलटलेल्या एका वृद्धास, तो करणी करतो या संशयावरून, जमावाने घरातून ओढून नेले आणि जळत्या निखाऱ्यांवर नाचावयास लावले. त्याचे पाय भाजले. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. त्यात जादूटोणाविरोधी कायद्याची कलमेही होती. हा कायदा सुखासुखी आलेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे त्याची मागणी करीत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा कोठे काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. किप्लिंगच्या कथेतील तापलेल्या नळ्या आणि मुरबाडचे निखारे यांत एकशे चौतीस वर्षांचे अंतर आहे, रीत तीच.

त्या जमावाने दिवाळी अंक वाचून हे केले, असा बालिश आरोप आम्ही करीत नाही. आमचा आरोप वाचकावर आहे. म्हणजे आमच्याच वर्गावर. सकाळी वर्तमानपत्रात ही वार्ता वाचताना आपल्याला धक्का बसला, पण आश्चर्य वाटले का? बहुतेकांस वाटले नसावे. ‘तिकडे असेच चालायचे,’ असे म्हणून आपण पान उलटले. ‘तिकडे’ म्हणजे अंधार, रान, मंत्रतंत्र, ही समजूत आपल्या मनात कोणी पेरली? वर्षानुवर्षे फराळाच्या ताटाबरोबर जी कथा आपण चवीने वाचली, तिचा यात काहीच वाटा नाही काय? ज्या म्हाताऱ्याला आपण शंभर गोष्टींत तांबारलेल्या डोळ्यांचा भगत म्हणून भ्यालो, तो एक दिवस भाजलेल्या पायांनी समोर आला तर त्याची कीव करण्याची सवय आपल्याला उरत नाही.

उलट बाजूचा एक दाखला देतो. मिसेस ऑलिफंट या बाईंची ‘द ओपन डोअर’ ही १८८२ ची कथा. हिंदुस्थानातील नोकरी संपवून परतलेला एक कर्नल स्कॉटलंडात घर घेतो. आवारात जुन्या इमारतीचा एक भग्न दरवाजा उभा आहे. त्याच्या अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही. तेथे रात्री एक आवाज रडतो आणि आईला हाका मारून आत घे म्हणतो. कर्नलचा लहान मुलगा तो ऐकून आजारी पडतो. पण भिऊन नव्हे. कोणीतरी दुःखात आहे आणि त्याला कोणी मदत करीत नाही, या विचाराने तो झुरतो, आणि बापाला म्हणतो, तुम्ही जा. बाप, एक अश्रद्ध डॉक्टर आणि एक वृद्ध धर्मोपदेशक तेथे जातात. धर्मोपदेशक आवाज ओळखतो. आई वारल्यावर उशिरा घरी परतलेला तो एका दासीचा वाया गेलेला मुलगा. त्याच्याशी तो रागावून, मायेने बोलतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो. आवाज थांबतो. डॉक्टर मागाहून एक बीळ दाखवून म्हणतो की कोणी भटक्या तेथे राहत असावा. तेव्हा संशयही शाबूत राहतो. वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी डोळे भरून येतात. भुताचे काय करावे, याची दोन उत्तरे त्या काळाने दिली: एक तापलेली नळी, दुसरे उघडे दार. आम्ही पहिले घेतले, तेही त्यातील लाज वगळून.

एक शेवटचा आक्षेप उरतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे स्वतःच भगतास मानतात, चकव्याची गोष्ट सांगतात, वाघदेवास पुजतात. मग लेखकाने ते लिहू नये काय? अवश्य लिहावे. पण ज्याने खैराच्या झाडापासून कात काढून आपल्या जातीचे नाव मिळविले, त्या कातकऱ्यास रान हे घर आहे. भुताटकी आहे ती आपल्याला. त्याची भीती निराळी. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली रात्री कोणाच्या पावलांनी दचकत असे, हे ठाऊक आहे: जमीनदाराच्या, सावकाराच्या, जंगलखात्याच्या शिपायाच्या. पावसाळा सरला की आजही कित्येक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. भट्टीच्या मालकाची वही हा त्यांचा वेताळ आहे. तो आमच्या कथाकारांच्या दृष्टीस पडत नाही, कारण तो पांढऱ्या कपड्यांत, दिवसाढवळ्या फिरतो.

आणि ज्यांना खरोखर आमच्याच वर्गाला भिववावयाचे आहे, त्यांच्यासाठी शहापूर तालुक्यात सामग्री वाट पाहत पडली आहे. १८९२ पासून तानसेचे पाणी मुंबईस जाते. पुढे वैतरणेचे आले, मग भातसेचे. या धरणांच्या पाण्याखाली माणसांची घरे आणि शेते गेली. आजही उन्हाळ्यात त्या धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या प्रचंड नळांतून त्यांच्याच डोंगराचे पाणी शहराकडे धावते. मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावर, मध्यरात्री, बंद केलेल्या नळातून थेंब थेंब आवाज येत आहे. घरातले एकच लहान मूल तो ऐकते आणि म्हणते, कोणीतरी पाणी मागते आहे, बाबा, तुम्ही जा. ही कथा लिहावयास धुके लागत नाही, भगत लागत नाही, माळशेजास मोटार बंद पाडावी लागत नाही. मात्र ती वाचल्यावर वाचक निर्धास्त झोपणार नाही; आणि संपादकांनी पुढच्या दिवाळीस अशी कथा मागवावी, एवढेच आमचे मागणे आहे.